परक्या भाषेत पहिले नाव

कोणतीही नवी भाषा शिकू पाहणाऱ्या माणसास प्रथम काय बोलता यावे लागते, असा प्रश्न केला, तर त्याचे उत्तर सर्व देशांत बहुधा एकच येईल. आपले नाव सांगता यावे आणि समोरच्याचे नाव विचारता यावे, एवढे जमले की ओळखीचे दार किलकिले होते. व्यापारी, खलाशी, यात्रेकरू यांनी जगभर हाच क्रम पाळलेला आहे. शाळांनी मात्र तो क्वचितच पाळला. संस्कृत शिकू लागलेल्या मुलापुढे 'रामः रामौ रामाः' ही रूपे आली, लॅटिन शिकणाऱ्या मुलापुढे 'मेन्सा' म्हणजे मेज या शब्दाच्या विभक्त्या आल्या. मेजाशी बोलण्याचा प्रसंग आयुष्यात कोणावरही येत नाही; तथापि कित्येक पिढ्यांचा आरंभ त्या मेजापासूनच झाला. लहान मुलास परकी भाषा शिकवावयाची, तर ती परिचयापासून व खेळातून शिकवावी, हा विचार जुना असूनही शाळेत त्यास प्रवेश मिळण्यास फार काळ लागला. त्या विचाराचा इतिहास मनोरंजक आहे आणि आजच्या घराशी त्याचा निकट संबंध आहे.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील मुलांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. नागपूरच्या आग्नेयेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर असलेले उमरेड हे तालुक्याचे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एके काळी हे गाव कोष्ट्यांच्या रेशीमकाठी धोतरांसाठी प्रसिद्ध होते. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कोळशाच्या खाणी निघाल्या आणि खाणींबरोबर हिंदी बोलणारी कुटुंबेही आली. आसपासच्या प्रदेशात गोंड समाजाची जुनी वस्ती आहे. गावची मराठी तर पुस्तकातील मराठीहून वेगळीच आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयीचा खंड इ. स. १९०५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात नागपुरी बोलीची स्वतंत्र नोंद आहे. 'मला', 'तुला' यांच्या जागी 'मले', 'तुले' म्हणणाऱ्या या बोलीत 'तुझे नाव काय' हा प्रश्न 'तुह्यं नाव काय' असा होतो. हे गाव १८५४ पर्यंत भोसल्यांच्या राज्यात, नंतर इंग्रजी अमलात व १८६१ पासून मध्यप्रांतात होते. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आले. म्हणजे शंभर वर्षांत या गावावरून राज्यकारभाराच्या निरनिराळ्या भाषा गेल्या. घरची बोली मात्र घरीच राहिली.

अशा गावातील सहा वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा त्यास नाव विचारले जाते. प्रश्न पुस्तकी भाषेत येतो, उत्तर बोलीत निघते. 'माह्यं नाव' असे म्हणताच कोणी हसले किंवा 'माह्यं नव्हे, माझे म्हण' अशी दुरुस्ती झाली, की मूल पुढील वाक्य गिळून टाकते. स्वतःचे नाव ही त्याची खात्रीची वस्तू असते. तीच जर चुकीची ठरली, तर अपरिचित शब्द बोलण्याचे धाडस त्यास कोठून व्हावे? परक्या भाषेच्या शिक्षणातील खरी अडचण येथे आहे. शब्द थोडे असणे ही दुय्यम गोष्ट होय. चुकले तर हसे होईल, ही भीती मुख्य आहे. ही भीती घालविण्याचे साधन म्हणूनच निरनिराळ्या काळी खेळाचा आश्रय केला गेला, असे या इतिहासावरून दिसून येते.

सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये १५३३ साली जन्मलेल्या माँतेन या निबंधकाराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच्या वडिलांनी त्यास पाळण्यातच एका जर्मन शिक्षकाच्या हवाली केले. त्या शिक्षकास फ्रेंच येत नसे. त्यामुळे तो मुलाशी लॅटिनमध्येच बोले, आणि घरातील दासदासींनीही मुलापुढे जमतील तेवढे लॅटिन शब्दच उच्चारावेत असा दंडक होता. सहा वर्षांचा होईपर्यंत माँतेन फ्रेंच शिकला नाही, आणि छडीवाचून व पुस्तकावाचून लॅटिन त्याच्या तोंडी बसली. ग्रीक भाषा मात्र सोंगट्यांच्या खेळासारखी शिकविण्याचा वडिलांचा बेत होता. तीत त्यास फारशी गती आली नाही, असे तो स्वतःच कबूल करतो. या दोन अनुभवांतील फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. लॅटिन हे त्याच्या घरातील व्यवहाराचे साधन होते. ग्रीकमध्ये रूपांभोवती खेळ गुंडाळला होता, पण त्या भाषेत मागावे असे काही नव्हते व सांगावे असेही काही नव्हते.

पुढील शतकात मोराव्हियातील कोमेनियस या शिक्षकाने हा विचार शाळेत आणला. धर्मयुद्धांमुळे देशोधडीला लागलेला हा गृहस्थ अनेक देशांत हिंडला आणि भाषा शिकण्याच्या वेदना त्याने जवळून पाहिल्या. १६५८ साली न्युरेंबर्ग येथे त्याचे सचित्र लॅटिन-जर्मन पुस्तक निघाले. चित्रातील वस्तूस क्रमांक, त्याच क्रमांकाचा शब्द दोन भाषांत, अशी त्याची योजना होती. पुस्तकाच्या आरंभी गुरू मुलास हाक मारतो व मूल उत्तर देते. म्हणजे पहिला पाठ संवादाचा आहे. त्याआधी हंगेरीतील शारोशपातक येथे शिकवीत असता त्याने आपल्या लॅटिन पाठांची छोटी नाटके करून ती मुलांकडून वठवून घेतली होती. त्या नाट्यसंग्रहाच्या नावाचा अर्थच 'शाळा हाच खेळ' असा होतो. नाटकात मूल दुसऱ्या कोणाचे तरी नाव घेऊन उभे राहते; त्यामुळे चूक झाली तरी ती त्या सोंगाची होते, मुलाची होत नाही. लाजाळू मुलाच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे.

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शिक्षक फ्रान्स्वा गुअँ याची हकीकत याहूनही बोधप्रद आहे. जर्मन भाषा शिकण्यासाठी तो हांबुर्गला गेला. प्रथम व्याकरण, मग धातू, शेवटी सबंध शब्दकोश त्याने तोंडपाठ केला. आणि इतके करूनही लोकांचे बोलणे त्यास कळेना. निराश होऊन तो घरी परतला. तेथे त्याचा पुरी तीन वर्षेही न झालेला पुतण्या बोलावयास शिकत होता. पिठाची गिरणी पाहून आल्यावर त्या मुलाने घरी गिरणीचा खेळ मांडला. गोणी उचलणे, धान्य ओतणे, पीठ नेणे अशा क्रमाने तो एकेक क्रिया करी आणि तोंडाने ती सांगे. कोशाने जे साधले नाही, ते या खेळाने कसे साधते, हे गुअँच्या ध्यानी आले. क्रियांच्या साखळीने भाषा शिकविण्याची त्याची पद्धती १८८० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे इंग्रज भाषाशिक्षक हॅरल्ड पामर १९२२ साली जपानात गेला आणि त्याने आज्ञा व कृती यांवर आधारलेले इंग्रजीचे पाठ रचले. 'ऊठ', 'दार उघड', 'तुझे नाव सांग' या आज्ञा ऐकून कृती करणे, हा त्यांचा गाभा होता. मराठी मुले 'शिवाजी म्हणतो' हा खेळ खेळतात, त्याचेच हे शाळेतील भावंड होय.

आपल्याकडे हा प्रवाह निराळ्या वाटेने आला. नागपुरास १८४५ साली आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने पुढील वर्षी तेथे शाळा काढली. तथापि त्या काळच्या शाळांतील इंग्रजी ही ग्रंथांची आणि नोकरीची भाषा होती. हिस्लॉप स्वतः मात्र गोंडांच्या वस्त्यांतून हिंडून त्यांचे शब्द, गीते व चालीरीती टिपून घेत असे. १८६३ साली टाकळघाटच्या बाजूस पुराच्या पाण्यात बुडून त्याचा अंत झाला. त्याचे कागद १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी छापविले. परकी भाषा शिकताना त्याने माणसांपासून आरंभ केला, आणि शाळेतील मुलांना मात्र पुस्तकापासून आरंभ करावा लागला, ही विसंगती त्या युगाचीच होती.

बालशिक्षणात खेळास मानाचे स्थान देण्याचे काम पुढे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी केले. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाईंनी १९२० साली भावनगरास बालमंदिर सुरू केले. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस राहिलेल्या ताराबाई पुढे त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली दादरला शिशुविहार निघाले. १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे कार्य उभे राहिले, त्यात भाषेचा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा होता. वारली मुलाची बोली मराठीच्या नात्यातली खरी, परंतु शाळेच्या मराठीपुढे ते मूल मुके होई. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. शिंपले, खडे, बिया, पाने हीच तेथील साधने झाली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना आज देशभर 'अंगणवाडी' म्हणतात. या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली. मुलाच्या बोलीस प्रथम घरात घ्यावे, मग ते मूल दुसऱ्या भाषेच्या घरी आपण होऊन जाते.

यानंतर काळ बराच पालटला. जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला. उमरेडसारख्या गावातील मुलासही 'माय नेम इज' हे वाक्य सहाव्या वर्षी म्हणावे लागू लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परदेशी भाषांत जपानी, फ्रेंच, जर्मन यांच्याबरोबर स्पॅनिश भाषेचाही उल्लेख आहे. २०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने जाहीर केला. त्यावर मोठा वाद होऊन जूनअखेर तो मागे घेण्यात आला. लहान मुलाने किती भाषांचे ओझे वाहावे, याची चर्चा त्या वेळी घरोघर झाली. परंतु भाषा ओझे केव्हा होते आणि खेळणे केव्हा होते, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

या दृष्टीने स्पॅनिश भाषेचे उदाहरण घेऊन पाहणे उद्बोधक ठरेल. सुमारे वीस देशांची ही राजभाषा मराठी मुलास सर्वस्वी परकी वाटावी अशी नाही. 'कोमो ते यामास?' म्हणजे 'तुझे नाव काय?' आणि 'मे यामो' म्हणजे 'माझे नाव'. शब्दशः पाहता 'तू स्वतःला कसे म्हणतोस' व 'मी स्वतःला म्हणतो'. 'तू' या अर्थी स्पॅनिशमध्येही 'तू' हाच शब्द आहे, आणि 'नाव' या अर्थाचा 'नोम्ब्रे' हा शब्द संस्कृत 'नामन्'चा दूरचा आप्त आहे. सातास 'सिएते', नवास 'नुएवे', दोहोंस 'दोस' म्हणतात, तेव्हा हे शब्द मुलाच्या कानास अगदीच अनोळखी लागत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आदरार्थाची आहे. मराठी मूल आईस 'तू' म्हणते, गुरुजींस 'तुम्ही' किंवा 'आपण' म्हणते. हा भेद त्यास कोणी सूत्ररूपाने शिकविलेला नसतो. स्पॅनिशमध्येही सवंगड्यास 'तू' आणि वडीलधाऱ्या अपरिचितास 'ऊस्तेद' म्हणावयाचे असते. हा 'ऊस्तेद' शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झिजून झालेला आहे, आणि म्हणूनच त्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. 'रावसाहेब कधी आले?' असे रावसाहेबांनाच विचारावे, तसाच हा प्रकार. इंग्रजीच्या द्वारे स्पॅनिश शिकणाऱ्यास हा भेद नव्याने समजावून घ्यावा लागतो, कारण आजच्या इंग्रजीत दोघांसही एकच सर्वनाम आहे. मराठीतून थेट शिकणाऱ्या मुलास तो आयताच मिळतो. तीच गोष्ट लिंगाची. भेटून आनंद झाला, हे सांगताना मुलगा 'एन्कान्तादो' म्हणतो, मुलगी 'एन्कान्तादा' म्हणते. आणि मराठीतही मुलगा 'मी आलो' व मुलगी 'मी आले' म्हणतेच. घरच्या भाषेची शिदोरी परक्या गावी अशी उपयोगी पडते.

आता हे खेळात कसे आणावे? त्यासाठी नवी सामग्री जमविण्याचे कारण नाही. मुले रिंगण करून बसतात. एकाच्या हाती चेंडू असतो. तो आपले नाव सांगतो, 'कोमो ते यामास?' असे विचारून चेंडू दुसऱ्याकडे टाकतो, आणि झेलणारा उत्तर देऊन पुढे विचारतो. वीस मुलांच्या वर्गात एकच वाक्य वीस वेळा ऐकले जाते, पण प्रत्येक वेळी नाव निराळे असल्यामुळे कोणी कंटाळत नाही. आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेला गडी हाती लागलेल्यास 'कियेन एरेस?' म्हणजे 'तू कोण?' असे विचारतो. पकडलेला आवाज बदलून खोटेच नाव सांगतो, आणि आवाजावरून ओळखावे लागते. टिचकी मारण्याच्या जुन्या खेळात मुली फुलांची नावे धारण करतात. तीच नावे स्पॅनिशमध्ये धारण केली की परिचयाचा दुसरा पाठ होतो. बाहुलीच्या लग्नात पाहुण्यांची ओळख करून देताना 'एल से यामा' म्हणजे 'त्याचे नाव' आणि 'एया से यामा' म्हणजे 'तिचे नाव' हे प्रयोग येतात. कोणी काठी घेऊन आजोबा झाला, की त्यास 'तू' म्हणणाऱ्याचा एक गुण जातो, आणि 'ऊस्तेद' आपोआप जिभेवर बसतो. या प्रत्येक खेळात विचारण्यास खरे कारण आहे, हे मर्म विसरता कामा नये. माँतेनच्या ग्रीक भाषेत उणे होते ते हेच.

नावाबरोबर समाजाची ओळखही होते. स्पॅनिश रिवाजात मुलाच्या नावापुढे बापाचे आणि आईचे अशी दोन आडनावे लागतात. महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे बापाचे नाव व मग आडनाव येत असे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नावही लिहिले जाते. सात वर्षांच्या मुलांनी आपले पूर्ण नाव दोन्ही रिवाजांनी सांगून पाहावे, एवढ्यानेच एक चांगला पाठ होतो. उमरेडच्या मुलांस तर आणखी एक धागा जवळच सापडतो. शेजारच्या भिवापूरची मिरची सर्वत्र नावाजलेली आहे; परंतु मिरचीचे मूळ गाव अमेरिका खंड, आणि तेथून ती पोर्तुगीज गलबतांनी या देशी आणली. मेक्सिकोतील स्पॅनिश बोलणारे तिला 'चिले' म्हणतात. पोर्तुगीज 'सापातो'पासून आलेला आपला 'सपाता' हा शब्द स्पॅनिश मूल 'सापातो' असाच पायताणास वापरते. घराच्या उंबरठ्यावर आणि चुलीपाशी अशा ओळखीच्या खुणा असता ती भाषा फार दूरची राहत नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. लवकर आरंभ केला म्हणजे भाषा लवकर येते, अशी समजूत घरोघर आढळते. स्पेनमधीलच बार्सिलोना येथे आठव्या व अकराव्या वर्षी इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांची तुलना करण्यात आली. तेवढ्याच तासांच्या शिक्षणानंतर उशिरा आरंभ करणारी मुले पुढे होती, असा तिचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. उलट अमेरिकेत मायामी येथील कोरल वे शाळेत १९६३ पासून क्यूबाहून आलेली मुले व इंग्रजी बोलणारी मुले दोन्ही भाषांतून एकत्र शिकू लागली; तेथे दिवसाचा मोठा भाग नव्या भाषेत जाई आणि शेजारी बसलेला सवंगडीच ती भाषा बोले. म्हणजे आठवड्यातील दोन तासांनी लहान मूल भाषापंडित होणार नाही, हे पालकांनी समजून असावे. त्या दोन तासांतून मिळावयाचे धन निराळे आहे. अनोळखी उच्चार करताना न लाजणे, समोरच्याचे उत्तर ऐकून घेणे, आणि जगात आपल्यासारखीच पण वेगळ्या रीतीने बोलणारी मुले आहेत हे कळणे, या गोष्टी सातव्या वर्षी जितक्या सहज येतात तितक्या पुढे येत नाहीत.

म्हणून परीक्षा, गुणपत्रक आणि पाहुण्यांपुढे वाक्ये म्हणवून घेण्याची हौस, ही तिन्ही या वयात दूर ठेवावीत. पाहुण्यांपुढे म्हणून दाखविलेले वाक्य कोणास काही विचारीत नाही, आणि म्हणून ते लवकर विसरते. मुलाने प्रथम आपले नाव आपल्या बोलीत मोकळेपणाने सांगावे. 'माह्यं' म्हणणाऱ्यास 'माझे' हा शब्द पुढे शिकता येतो, आणि त्याच्या पाठोपाठ 'मे यामो' हेही शिकता येते. उमरेडच्या शाळेत असो की मुंबईच्या घरात असो, ज्या मुलाचे पहिले नाव कोणी हसून खोडले नाही, ते मूल दुसऱ्याचे नाव विचारावयास भीत नाही. भाषाशिक्षणाचा आरंभ तेथूनच करावयाचा असतो.